टॉवेलचा दर विचारला की बॉटच्या उत्तरातलं फॉरमॅटिंग जातं, चादरीचा विचारला की राहतं (टेलिग्राम + व्हॉट्सअ‍ॅप)

पूर्वभाग:

नमस्कार मंडळी. सोलापूरला अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेल आणि चादरींचा कारखाना आहे, तिथलं ऑर्डरचं टेबल मी सांभाळते. आमच्याकडे एक चॅटबॉट आहे. बाजारात फिरणारी आमची पोरं त्याला टेलिग्रामवर दर विचारतात, बाहेरगावचे व्यापारी व्हॉट्सअ‍ॅपवर. बॉट ज्यांनी बनवला ते आता दुसऱ्या कामाला लागलेत, म्हणून कोड माझ्याकडे आलाय. पायथन वाचता येतं, लहानसहान दुरुस्तीही जमते.

अडचण टेलिग्रामवर जास्त आहे. चादरीचा दर विचारला की उत्तर झकास येतं: मालाचं नाव ठळक, खाली दर आणि पॅकिंगची ओळ. टॉवेलचा दर विचारला तर साचा तोच, पण एक अक्षर ठळक होत नाही आणि नावाच्या दोन्ही बाजूंचे स्टार तसेच्या तसे दिसतात. टॉवेल आणि नॅपकिन एकत्र विचारले की तिसराच प्रकार. ठळक अक्षर येतं, पण भलत्याच जागी, आणि ३०*६० चं ३०६० होऊन बसतं.

व्हॉट्सअ‍ॅपवर वेगळंच. मोकळ्या प्रश्नांना एआय उत्तर देतो, त्यात शब्दाशब्दाला दोन-दोन स्टार आणि ओळीच्या सुरुवातीला हॅश. सकाळी जे थकबाकीचे मेसेज आपोआप जातात, त्यातल्या सगळ्या ओळी एकाला एक चिकटून येतात.

दिसायला ही किरकोळ गोष्ट वाटेल, पण व्यापारी मेसेज उघडतो तेव्हा त्याची नजर माप आणि दर यांवरच जाते. विजयपूरच्या एका व्यापाऱ्याने ३०६० हा डिझाइन नंबर समजून तेवढे गठ्ठे बाजूला ठेवायला सांगितले होते. फोनवर बोलणं झालं म्हणून निस्तरलं. कुणी यातून गेलं असेल तर सांगा.

गड्डा:

अ‍ॅप अपडेट करून बघा. जुन्या व्हर्जनला असं होतं.

पूर्वभाग:

बघितलं. पोरांचे फोन वेगवेगळे आहेत, संगणकावरचं टेलिग्रामही आहे. एकच मेसेज सगळीकडे सारखाच बिघडलेला दिसतो. म्हणजे तो पाठवतानाच बिघडतोय.

सातरस्ता:

ताई, निरीक्षण अगदी नेमकं आहे, अर्धं काम त्यातच झालं. दोन गोष्टी विचारतो. पहिली, कोडमध्ये मेसेज पाठवताना पार्स मोड, म्हणजे मजकुरातल्या खुणा कशा वाचायच्या ते सांगणारी सेटिंग, काय दिलाय? टेलिग्रामच्या बॉट एपीआयमध्ये (बॉट ज्यातून टेलिग्रामशी बोलतो ते) तीन प्रकार आहेत: जुना मार्कडाउन (स्टार, अंडरस्कोर अशा खुणांनी ठळक-तिरकं करायची पद्धत), मार्कडाउन व्ही-टू आणि एचटीएमएल. काहीच दिलं नाही तर मजकूर साधा जातो, स्टार असले तर स्टारच दिसतात. दुसरी, पाठवण्याच्या फंक्शनमध्ये एरर आली तर पुढे काय करायचं ठेवलंय? माझा संशय त्या दुसऱ्या जागेवर आहे.

आणि चादरीच्या यादीत माप कसं लिहिलंय तेही बघा.

पूर्वभाग:

पार्स मोड जुना मार्कडाउन आहे. एरर आली तर तोच मजकूर पार्स मोड काढून पुन्हा पाठवायचा, असं लिहिलंय. एरर कुठेच नोंदवली जात नाही. मी आत्ता एक प्रिंटची ओळ घालून पकडली: क्रमांक ४००, आणि पुढे लिहिलंय की एंटिटीज (म्हणजे ठळक-तिरक्याचे तुकडे) पार्स करता येत नाहीत, बाइट ऑफसेट ३१ पासून सुरू झालेल्या एंटिटीचा शेवट सापडत नाही.

चादरीच्या यादीत फक्त सिंगल आणि डबल असं आहे. टॉवेलला सगळीकडे ३०*६०, २७*५४ अशी मापं. मजकुराची सुरुवात ही:

*टॉवेल दर*
३०*६० पांढरा

सातरस्ता:

सापडलं. आता हा ३१ कुठला ते मोजून दाखवतो, कारण मराठी मजकुरात हा आकडा हमखास चकवतो. तो अक्षरांचा नाही, बाइटचा आहे, आणि मोजणी शून्यापासून आहे. यूटीएफ-८ मध्ये (मजकूर बाइटमध्ये लिहायची पद्धत) देवनागरीतलं प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेतं. काना-मात्रा, वेलांटी वेगळी मोजायची, मराठी आकडेही ३ बाइटचे. स्टार, स्पेस आणि नवी ओळ मात्र एकेका बाइटची.

पहिला स्टार ० वर. 'टॉवेल' मध्ये पाच चिन्हं, ट, ॉ, व, े, ल, म्हणजे १५ बाइट, १ ते १५. स्पेस १६ वर. 'दर' चे सहा, १७ ते २२. दुसरा स्टार २३ वर, नवी ओळ २४ वर. मग ३ आणि ० मिळून सहा बाइट, २५ ते ३०. आणि ३१ वर कोण? ३० आणि ६० च्या मधला स्टार.

म्हणजे टेलिग्रामने पहिले दोन स्टार जोडीने घेतले, 'टॉवेल दर' ठळक करायचं ठरवलं. तिसरा स्टार दिसला, त्याला वाटलं पुन्हा ठळक सुरू झालं, पण मजकूर संपला तरी जोडीदार मिळाला नाही. म्हणून अख्खा मेसेज नाकारला. तुमच्या कोडने तो गुपचूप साधा करून पाठवला, म्हणून शीर्षकाचे स्टारही उघडे पडले.

टॉवेल-नॅपकिन एकत्र विचारल्यावर मापं दोन होतात, स्टार एकूण चार. जोड्या बरोबर लागतात, एरर येत नाही. पण तिसऱ्या आणि चौथ्या स्टारच्या मधलं सगळं ठळक होतं आणि स्टार खाल्ले जातात. तुमचं ३०६० तिथून आलं. चादरीत मापच नाही, म्हणून चादर कधी बिघडली नाही. आता सगळी मापं असलेल्या याद्या काढून बघा. विषम मापांच्या साध्या येतील, सम मापांच्या भलतीकडे ठळक येतील.

पूर्वभाग:

बघितलं, तसंच आहे. पाच मापांची यादी साधी येते, सहा मापांची अर्धी ठळक. इतके दिवस सगळे म्हणत होते बॉटला मूड आहे.

आयटम कोडचं पण असंच होत असणार ना? काही कोडमध्ये अंडरस्कोर आहेत.

सातरस्ता:

हो, तेच गणित. जुन्या मार्कडाउनमध्ये अंडरस्कोर म्हणजे तिरकं अक्षर. एक असेल तर एरर, दोन असतील तर कोडमधून दोन्ही गायब. चौकोनी कंसाचं उघडं चिन्ह आणि बॅकटिक, हे दोघंही त्याच यादीत.

शेंगाचटणी:

मग व्ही-टू ला जा की ओ. जुना मार्कडाउन फक्त जुन्या बॉटसाठी ठेवलाय असं त्यांच्या कागदपत्रातच लिहिलंय. व्ही-टू २०१९ च्या शेवटच्या दिवशी बॉट एपीआय ४.५ मध्ये आला, त्यात अंडरलाइन आणि खोडलेलं अक्षरही मिळतं.

सातरस्ता:

दादा, मिळतं खरं, पण मराठीला तो फार जाचक आहे. व्ही-टू मध्ये १८ चिन्हांच्या आधी बॅकस्लॅश द्यावा लागतो, आणि त्या १८ मध्ये टिंब आहे. हिंदीवाल्यांचा उभा दंड त्यात नाही, ते सुटले. आपलं प्रत्येक वाक्य टिंबाने संपतं, 'रु.' मध्ये टिंब, पैशांत टिंब, 'कि.ग्रॅ.' मध्ये दोन. शिवाय उद्गारचिन्ह, आडवी रेघ, साधे कंस, अधिक, बरोबर, सगळे तिथे. एक सुटलं की पुन्हा ४००.

ताईंच्या कामाला एचटीएमएल बरा. तिथे मजकुरातली तीनच चिन्हं सांभाळायची: अँडचं चिन्ह, लेस दॅन आणि ग्रेटर दॅन. पायथनच्या एचटीएमएल मॉड्यूलमध्ये या चिन्हांना निरुपद्रवी करणारं एस्केप नावाचं फंक्शन तयार आहे, ते नाव, माप, दर, शेरा अशा प्रत्येक तुकड्याला आधी लावायचं आणि ठळकचे टॅग त्याच्या बाहेरून घालायचे. उलट केलंत, म्हणजे टॅग घालून मग अख्ख्या मजकुराला लावलंत, तर टॅगच छापले जातील. आणि '५० नगांपेक्षा कमी' यासाठी कुणी लेस दॅन टाकलं असेल तर एस्केप न करता टेलिग्रामला तो अर्धवट टॅग वाटेल, हे लक्षात असू द्या.

नवी पेठ:

मी दुकानदार आहे, कोडातलं कळत नाही, पण एक सांगावंसं वाटतं. गोदामातल्या माणसांना 'स्टार टाकू नका' म्हणून फर्मान काढू नका. एक्सेलमध्ये गुणाकार स्टारनेच होतो, नंबरपॅडवर तोच हाताशी असतो, वर्षानुवर्षं बिलावर, चिठ्ठीवर, गठ्ठ्याच्या लेबलवर तसंच लिहितात. दोन दिवस पाळतील, हंगामात पुन्हा तेच. माणसं लिहितात तसं लिहू द्यावं, मशीनने समजून घ्यावं.

पूर्वभाग:

मालक, हे अगदी पटलं. यादी ज्यांच्या हातात आहे ते काका कारखान्यात माझ्याआधीपासूनचे आहेत आणि त्यांच्या यादीत कधी चूक नसते. त्यांना बदलायला सांगणार नाही. दोन आकड्यांच्या मधला स्टार कोडमध्येच गुणिलेच्या खऱ्या चिन्हाने बदलते: ३०×६०. एचटीएमएलमध्ये त्याची गरज नाही हे कळलं, पण व्हॉट्सअ‍ॅपलाही हीच यादी जाते, आणि वाचायलाही ते चांगलं दिसतं.

सातरस्ता:

बदल दाखवताना करा, मूळ यादीत नको. यादी काकांची जशी आहे तशी राहू दे. सोलापुरी चादरीची नक्षी विणतानाच धाग्यात जाते, इथे मात्र उलटं पाहिजे: माल साधा ठेवायचा आणि नक्षी अगदी शेवटी, गिऱ्हाईक बघून काढायची. टेलिग्रामला एचटीएमएल, व्हॉट्सअ‍ॅपला त्याचे स्टार, एसएमएसला काहीच नाही. प्रत्येकाचं छोटं वेगळं फंक्शन.

काळी माती:

व्हॉट्सअ‍ॅपवरच्या चिकटलेल्या ओळींचं मी सांगतो, कांद्याच्या भावाचे मेसेज शेतकऱ्यांना पाठवताना यातच अडकलो होतो. ताई, सकाळचे थकबाकीचे मेसेज टेम्प्लेटमधून, म्हणजे आधी मंजूर करून घेतलेल्या साच्यातून, जातात का?

पूर्वभाग:

हो, मधल्या एका सेवेमार्फत. दिवसभराची उत्तरं मात्र थेट जातात, त्यांच्या ओळी नीट असतात.

काळी माती:

मग कारण तेच. ग्राहकाचा शेवटचा मेसेज आल्यापासून २४ तास तुम्ही मोकळा मजकूर पाठवू शकता, त्यात नव्या ओळी, ठळक, सगळं चालतं. २४ तास उलटले की फक्त मंजूर टेम्प्लेट. टेम्प्लेटच्या मूळ मजकुरात नवी ओळ चालते, पण रिकाम्या जागी तुम्ही जी माहिती भरता तिच्यात नवी ओळ, टॅब किंवा सलग चारपेक्षा जास्त स्पेस चालत नाहीत. तशी पाठवली तर मेसेज परत येतो. तुमच्याकडे परत येत नाही, चिकटून जातो, म्हणजे मधली सेवा आधीच नव्या ओळी काढून तिथे स्पेस घालत असणार.

उपाय एकच. सगळी बिलं एका रिकाम्या जागेत कोंबू नका. टेम्प्लेटमध्येच ओळी पाडा: बिल क्रमांकाची एक, रकमेची एक, तारखेची एक, आणि प्रत्येक ओळीत एकच रिकामी जागा. बिलं जास्त असली तर टेम्प्लेटमध्ये फक्त एकूण रक्कम आणि 'सविस्तर यादी हवी' असं बटण. व्यापाऱ्याने बटण दाबलं की तो त्याचा मेसेज धरला जातो, २४ तास पुन्हा उघडतात, मग हवी तशी मांडून यादी पाठवा. आमच्याकडे हे लागू केल्यावर शेतकरी स्वतःहून बटण दाबायला लागले, कारण भाव नीट ओळीत वाचता येतो. वयस्कर माणसांना चिकटलेला मजकूर वाचायला लावणं बरं नाही.

पूर्वभाग:

बटणाची कल्पना फार चांगली आहे. टेम्प्लेट आजच मंजुरीला टाकते.

आता एआयचं राहिलं. 'ओळीत दोन स्टार देऊ नकोस' असं त्याला सूचनेत लिहिलंय. बऱ्याचदा ऐकतो. लांब उत्तर असलं की विसरतो.

शेंगाचटणी:

सूचना ठेवाच, पण तिच्या भरवशावर राहू नका. या मॉडेलना मार्कडाउनची सवय आहे. मार्कडाउन जॉन ग्रुबरने २००४ मध्ये आणलं, त्यात ठळकला दोन स्टार, एक स्टार म्हणजे तिरकं, हॅश म्हणजे शीर्षक. व्हॉट्सअ‍ॅपला ठळकला एकच स्टार लागतो, तिरक्याला अंडरस्कोर, आणि शीर्षक नावाचा प्रकारच नाही. म्हणून पाठवण्याआधी कोडात रूपांतर करायचं.

क्रम सांभाळा. आधी दोन स्टारचा एक केला आणि मग एका स्टारचा अंडरस्कोर, तर तुमचं सगळं ठळक तिरकं होऊन जाईल. म्हणून दोन स्टारच्या जागी आधी कुठेच न येणारी एखादी खूण ठेवा, मग एका स्टारचं तिरकं करा, शेवटी खुणेचा एक स्टार करा. हॅशने सुरू होणारी ओळ असेल तर हॅश काढून अख्खी ओळ ठळक. आडव्या रेघेच्या याद्यांना हात लावू नका, फेब्रुवारी २०२४ पासून व्हॉट्सअ‍ॅप त्या स्वतःच ठिपक्यांच्या करून दाखवतं. उभ्या रेघांचे तक्ते मात्र मोडून ओळी करा, ते व्हॉट्सअ‍ॅपला समजत नाहीत.

आणि मापांतल्या स्टारचा गुणिले करायचा तो या सगळ्याच्या आधी.

गड्डा:

तक्त्यावरून आठवलं. मी माझ्या बॉटमध्ये मोनोस्पेस, म्हणजे सगळ्या एकाच रुंदीच्या, अक्षरात दराचे रकाने पाडायचा प्रयत्न करतोय, प्रत्येक नावापुढे स्पेस भरून. इंग्रजीत सरळ येतात, मराठीत वाकडे. हे कशाने?

सातरस्ता:

पायथन लांबी मोजतो ती चिन्हांची. 'सोलापूर' ची लांबी तो ७ सांगतो, डोळ्याला चार अक्षरं दिसतात. 'चादर' ४, दिसतात तीन. स्पेस त्या हिशोबाने भरल्या की कमी-जास्त होणारच. दिसणारी अक्षरं मोजून भरल्या तरी पुरत नाही, कारण फोनवर देवनागरी मोनोस्पेस दाखवताना बहुतेक वेळा नेहमीचाच फॉन्ट येतो, त्यात 'क्ष' ची रुंदी वेगळी आणि 'र' ची वेगळी. मराठीत रकाने सोडून द्या. एका मालाला एक ओळ, नाव आधी, दर शेवटी ठळक. वाचणारा माणूस तसाही दर शोधत असतो.

पूर्वभाग:

केलेलं काम सांगते. टेलिग्राम एचटीएमएलवर नेलं. पाच मापांची, सहा मापांची, अंडरस्कोर असलेल्या कोडची, सगळ्या याद्या ठळक आणि जागच्या जागी येतायत. ३०×६० मध्ये गुणिले दिसतो.

एक गोष्ट अजून अडली आहे. टेलिग्रामवर एआयचं उत्तर टाइप होत असल्यासारखं येतं, म्हणजे एकच मेसेज पुनःपुन्हा एडिट होतो. पूर्ण झाल्यावर ते साधंच राहतं.

सातरस्ता:

एडिट करताना पार्स मोड पुन्हा द्यावा लागतो. पहिल्या मेसेजचा त्याच्या लक्षात राहत नाही, एडिट म्हणजे सगळा मजकूर नव्याने. पण प्रत्येक एडिटला देऊ नका. उत्तर अर्धवट असताना ठळकचा टॅग उघडलेला असतो, बंद झालेला नसतो, तिथे ४०० येईल. मधली सगळी एडिट साधी ठेवा, शेवटची तेवढी रूपांतर करून पार्स मोडसकट. एका मेसेजची मर्यादा ४०९६ अक्षरांची आहे, त्यापुढे गेलं तर रूपांतराआधीच, रिकाम्या ओळीवर तोडा. नाहीतर ठळक एका मेसेजमध्ये उघडेल आणि बंद दुसऱ्यात होईल.

आणि ती गुपचूप साधा मेसेज पाठवण्याची जागा. ती काढू नका, दर पोचणं महत्त्वाचं. पण साधा पाठवताना सगळे टॅग काढून स्वच्छ मजकूर पाठवा, आणि त्याच वेळी तुम्हाला स्वतःला एक मेसेज जाऊ दे: कुठला मजकूर, कुठला बाइट. ती एरर पहिल्या दिवसापासून कुणाच्या डोळ्यांसमोर असती तर व्यापाऱ्याला ३०६० वाचायची वेळच आली नसती.

पूर्वभाग:

दोन्ही लावलं, शेवटच्या एडिटला ठळक येतंय. एररचा मेसेज मला आणि काकांना दोघांनाही जाईल असं केलंय, त्यांनीच मागून घेतलं.

साखरपेठ:

उशिरा आलो, पण तुमचे व्यापारी उर्दूतही मेसेज मागत असतील तर एक तपासा. सोलापुरात मराठी, तेलुगू, कन्नड, उर्दू चारही चालतात. तेलुगू आणि कन्नडला तुमचं सगळं जसंच्या तसं लागू होईल, तिथेही एक चिन्ह ३ बाइटचं. उर्दू उजवीकडून डावीकडे. उर्दू ओळीत इंग्रजी आकड्यांनी ३०×६० लिहिलं तर पडद्यावर ते ६०×३० असं उलटं दिसतं. गुणिलेचं चिन्ह कुठल्याच दिशेचं नसल्यामुळे ते ओळीची दिशा घेतं आणि दोन्ही आकडे जागा बदलतात. टॉवेलमध्ये लांबी-रुंदी उलटी वाचली तरी माणूस समजून घेईल, पण पायपुसण्याच्या मापात घोळ होईल.

त्यासाठी युनिकोडमध्ये न दिसणारी दोन चिन्हं आहेत, २०६६ आणि २०६९. पहिलं मापाच्या आधी, दुसरं मापानंतर. मधला मजकूर डावीकडून उजवीकडेच राहतो.

पूर्वभाग:

उर्दू यादी आहे, हैदराबादच्या तीन-चार व्यापाऱ्यांना जाते. आत्ता उघडून बघितली. मापं उलटी आहेत. त्यांच्यापैकी कुणी कधी बोललं नाही, प्रत्येक वेळी फोन करून माप विचारून घ्यायचे, आता कळलं का ते. चिन्हं टाकून त्यांनाच पाठवते आणि बरोबर दिसतं का विचारून इथे लिहिते.